एक पट्टा हिरवा, एक पिवळा

यंत्र बघायला आलात ना? बघाल हो, ते कुठं पळून जातंय! आधी बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय रुसलाय. इकडं पोत्यावर बसा. एक गोष्ट सांगतो. लांब आहे, पण कुठं रटाळ वाटली तर हात वर करा, मी तिथून उडी मारीन. आणि आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत मी शहाणा ठरत नाही. त्यामुळं तुम्हाला ऐकायला मजा येईल.

तर यंत्र म्हणजे काय, साधी मोटारसायकल. दोन बाजूंना चाळीस-चाळीस लिटरच्या टाक्या, मधे बॅटरीवर चालणारा पंप, आणि मागं ही आडवी नळी. रानात गेलं की नळी दोन्हीकडं पंखासारखी उघडायची. सरीतून गाडी घालायची, एका फेरीत चार ओळी भिजतात. जाताना चार, येताना चार. माणसाला दिवस लागतो ते काम ही गाडी चहा उकळेपर्यंत करते. बरं, चहा उकळेपर्यंत नाही, पण तुम्हाला कळलं.

आता यात मेख एकच. पंप आपला एकसारखा फेकत राहतो. गाडी पळतेय का रांगतेय, त्याला काही सोयरसुतक नाही. म्हणून सगळा खेळ वेगाचा. ताशी आठ किलोमीटर. आठला पान नीट ओलं होतं. पाचवर आलात तर पानाला आंघोळ होते, आणि औषधाची आंघोळ म्हणजे पान जळालंच. बारावर गेलात तर पानाला औषधाची नुसती बातमी लागते. तेव्हा नजर हँडलवरच्या वेगाच्या आकड्यावर ठेवायची आणि आठ धरून चालायचं.

तो आकडा येतो पुढच्या चाकावरून. मागचं चाक चिखलात जागच्या जागी गरगरतं, त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा? पुढचं चाक गाडी जेवढी चालते तेवढंच फिरतं. तिथं बोराएवढा सेन्सर बसवलेला असतो. त्याची वायर शॉकअपच्या कडेकडेनं वर जाते, हँडलखालून वळते आणि आकड्याच्या डब्यात शिरते. एवढीच भानगड. पण एवढ्याशा वायरीनं मला चारचौघांत असं उघडं पाडलं की विचारू नका.

आमचे आबा आयुष्यभर पाठीवरच्या पंपानं फवारत आले. त्यांना आकडा लागायचा नाही, पंपाची दांडी दाबायची आणि पाऊल टाकायचं. एक दांडी, एक पाऊल. एक दांडी, एक पाऊल. झोपेतसुद्धा त्यांचा उजवा हात तसा हलतो, आमची आई गेली ती त्या हाताला शिव्या देतच गेली. पंपाच्या पट्ट्यानं त्यांच्या खांद्याला अशी खोबण पडलीय की तिच्यात बोट बसतं. तो खांदा एक दिवस वर जायचाच थांबला. सदरा घालायला माणूस लागायला लागला. मग मी हे यंत्र जुळवलं. आबा म्हणाले, "पाय खोटं बोलत नाहीत. हे बोलेल." मी म्हटलं, "आबा, हे कंपनीचं आहे." ते म्हणाले, "मग मोठं खोटं बोलेल."

त्या साली बटाट्याला दिवस वाईट होते. सकाळी धुकं, दुपारी ढग, ऊन म्हणून बघायला नाही. असल्या हवेत करपा पडतो. आज एका पानावर काळा ठिपका दिसला की चौथ्या दिवशी वाफा झोपतो. या शिवारातले एक मोठे मालक आहेत, दहा एकर बटाटा, सगळा उतरणीवर. त्यांनी बोलावलं. म्हणाले, "विहिरीला पाणी कमी आहे. अर्धं रान आज मार, अर्धं पाच दिवसांनी. नीट झालं तर वर्षाचं काम तुझं. आणि माझं बघून बाकीचे देतील ते वेगळं."

आता कळलं ना, काय पणाला लागलं होतं? हे एक रान हातात राहिलं तर घर उभं. नाही तर यंत्र विकून पुन्हा पाठीवर पंप, आणि माझाही खांदा आबांच्या वाटेनं.

सकाळी आम्ही दोघं गेलो. मी आणि बायको. ती खालच्या बांधाला पिंपाजवळ, औषध कालवायला आणि टाक्या भरायला. मी गाडीवर. मालक वरच्या बांधावर उभे, आणि त्यांच्याबरोबर पाच-सहा जण. दुसऱ्याचं यंत्र चालताना बघायला माणसाला काय गोड लागतं कोण जाणे.

रानाच्या उजव्या कडेनं सुरुवात केली. पहिली फेरी चढाची. आकडा आठ. एकदम झकास. वर पोचलो, हँडल पार डावीकडं मोडलं, गाडी वळवली, उताराला लागलो, आणि आकडा शून्य.

मी डब्यावर टपली मारली. शून्य. परत मारली. शून्य. गाडी चालतेय, पंप चालतोय, आणि हा म्हणतोय तू उभा आहेस! वर मालक बघतायत. थांबावं तर पंप बंद करायचा, उतरायचं, खाली वाकून चाकात बघत बसायचं, सहा माणसांसमोर. म्हटलं, जाऊ दे, अंदाजानं मारू. इतकी वर्षं गाडी चालवतोय, आठ काय कळत नाही?

खाली पोचलो, उजवीकडं वळलो, वर चढायला लागलो, तर आकडा परत आला. आठ! म्हटलं, बघ, आपोआप बरं झालं. वर जाऊन वळलो, परत शून्य. मग मी मनाशी ठरवूनच टाकलं की ह्याला चढ आवडतो, उतार आवडत नाही. प्रत्येकाची एकेक खोड असते. आणि तसाच अख्खा अर्धा भाग मारला.

दुपारी बायको म्हणाली, "अहो, तेरा टाक्यांचा हिशेब होता ना? सोळा गेल्या."

"मग?"

"मग काही नाही. तीन जास्त गेल्या एवढंच म्हणतेय."

"तू औषध कालव. वेगाचं मी बघतो."

असं म्हणालो मी. सगळ्यांसमोर म्हणालो. ती पिंप धुवायला लागली. तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा माणूस सायकलवरून आला. नुसतं म्हणाला, "चला." गेलो. वरच्या बांधावर उभा राहिलो.

खाली रान पसरलेलं, आणि त्याच्यात पट्टे. एक हिरवा, एक पिवळा. एक हिरवा, एक पिवळा. चार ओळी तजेलदार, चार ओळींची पानं कडेनं जळालेली, आत वळलेली. रेघ इतकी सरळ की पट्टी लावून मारली असती तरी अशी आली नसती.

मालक म्हणाले, "हे माझं रान आहे का गादीचं कापड?"

मी वाकून कडेचं एक पान खुडून बघितलं.

"बोल ना. त्या दिवशी तर यंत्राचे केवढे गुण गात होतास. कसं झालं हे?"

"मालक, बघावं लागेल. काहीतरी बिघाड..."

"बिघाड मला दिसतोय, मी आंधळा नाही. मी विचारतोय कशानं." मग ते म्हणाले, "परवा सकाळी ड्रोनवाला येतोय. त्याला उरलेलं अर्धं रान दाखवणार आहे. त्याच्या आत येऊन सांग नेमकं काय झालं. नेमकं. अंदाज नको. नाही सांगता आलं तर तुझं यंत्र या बांधाच्या आत येणार नाही. आणि शेजारच्यांनाही मी सांगणार आहे, बाबांनो, सांभाळा."

खाली उतरताना मालकांच्या गड्यांनी माझ्याकडं बघून मान दुसरीकडं वळवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गाडी घेतली आणि तडक मिस्त्रीकडं. आमचा मिस्त्री म्हणजे अवलिया. हातात स्पॅनर आणि तोंडात गाणं. त्याला सगळं सांगितलं. त्यानं गाडी मधल्या स्टँडवर चढवली, पुढचं चाक उचललं, सेन्सर काढला. चिखलाचा थर बसला होता, तो खरवडला. सेन्सर आणि चाकातल्या कडीच्या मधे किती फट आहे ते जुन्या ब्लेडनं मोजलं. मग तपासायचं यंत्र लावलं. वायरी तीन. एकीतून वीज येते, दुसरी जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, तिसरीतून चाकाची खबर वर जाते. तिन्ही नीट. हातानं चाक फिरवलं, वर आकडा नाचायला लागला. सहा, आठ, अकरा.

"हे बघ," मिस्त्री म्हणाला, "ठणठणीत आहे."

"रानात बंद पडतं."

"चल, रस्त्यावर बघू." तो स्वतः गाडी घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी आला. "चाळीसला चाळीस, साठला साठ. दाढी करता येईल इतका स्थिर आकडा. यंत्र बरोबर आहे, तुझं डोकं तपासून घे."

"डोक्यावर वेग दिसत नाही माझ्या!"

"बरं, नवा सेन्सर टाकतो. मनाचं समाधान."

नवा टाकला. जुना मी खिशात ठेवला. घरी येऊन आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्या रानाच्या खालच्या अंगाला विजेचा मोठा खांब आहे. त्याच्या तारा गुणगुणतात. उताराला तू त्याच्याकडं तोंड करून येतोस, म्हणून आकडा मरतो. चढाला पाठ करतोस, म्हणून जगतो."

ऐकायला काय पटलं! मी म्हटलं, आबा, तुम्ही शाळेत गेला असता तर इंजिनिअर झाला असता. आता मालकांना जाऊन हेच सांगायचं, मी मनात वाक्यं जुळवायलाही लागलो. म्हणजे चूक माझी नाही, यंत्राची नाही, खांबाची. आणि खांब काय मालकांना जाब देणार आहे?

बायको भांडी घासत होती. घासता घासता म्हणाली, "खांबच असेल तर नवा सेन्सर टाकून काय उपयोग होता?"

"तू मधे बोलू नकोस."

"मी मधे नाही बोलत, मी भांडी घासतेय." मग एक पातेलं विसळलं आणि म्हणाली, "आपल्या मागच्या पडीक जागेत उतार आहे. खांब नाही. उद्या टाक्यांत साधं पाणी भरा आणि तिथं चालवा. मी बघते."

"तू काय बघणार?"

तिनं भांडं उपडं केलं. "जे तुम्ही त्या दिवशी बघितलं नाहीत ते."

रात्रभर मला ते वाक्य टोचलं. पण सकाळी उठून टाक्या भरल्या. करतो काय? एक दिवस हातात.

पडीक जागा कोरडी, ढेकळांची. बायको वर एका दगडावर उभी राहिली. आबाही आले, खांदा धरून. मी उजव्या कडेनं चढलो. आठ. वर डावीकडं वळलो. शून्य. खाली उजवीकडं वळलो. आठ. खांब नाही, तारा नाहीत, तरी तेच. आबा पुटपुटले, "मग उतारच. नाकाडावर वजन येतं, चाक दबतं." मलाही तेच वाटलं. उताराला टाक्यांचं वजन मागून रेटतं, ब्रेकवरचा पाय निघत नाही. तेव्हा मला आणखी एक गोष्ट उमगली. आकडा नसताना, भीतीपोटी, मी उताराला चार-पाचनं रांगत आलो होतो. म्हणून तेच पट्टे जळाले. आठ काय कळत नाही म्हणे!

बायको खाली आली. "आता दुसऱ्या कडेनं सुरुवात करा."

"कशाला? उतार तोच आहे."

"करा तर. डावीकडच्या कडेनं चढा, म्हणजे वर गेल्यावर उजवीकडं वळावं लागेल."

गेलो. वैतागलो होतो, पण गेलो. चढाला आठ. वर उजवीकडं वळलो, उताराला लागलो, आणि आकडा आठच! माझा विश्वास बसेना. खाली आलो, डावीकडं वळलो, चढायला लागलो. शून्य.

मी गाडी थांबवली. आबांचं तोंड उघडंच.

बायको म्हणाली, "उताराचं नाही, खांबाचं नाही. डावीकडं वळलं की मरतं. उजवीकडं वळलं की जिवंत होतं. रस्त्यावर कोण एवढं हँडल मोडतं? मिस्त्रीच्या जन्मात सापडलं नसतं."

मी म्हटलं, "तुला हे कधी सुचलं?"

"पट्ट्यांचं ऐकल्यावर. एकाआड एक होते. उतरताना दर वेळी तुम्ही डावीकडं वळून आलेले असायचात. रानात एकाआड एक दोनच गोष्टी होत्या, उतार आणि वळण. म्हणून कड बदलून बघितली."

गाडी घरासमोर आणली. मधल्या स्टँडवर घेतली, पण टाक्या रिकाम्या, पुढचं चाक जमिनीला टेकायला लागलं. मागं वजन पाहिजे. बायकोनं आबांकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं.

"मी काय पोतं आहे?"

"आबा, पाच मिनिटं बसा फक्त."

मग काय, आबा मागच्या कॅरिअरवर, मांडीवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे. पुढचं चाक अलगद उचललं गेलं. चावी फिरवली. बायको खाली बसून हातानं चाक फिरवायला लागली, मी हँडल धरलं. सरळ होतं तोवर आकडा सहा-सात. हळूहळू डावीकडं नेलं. सहा. सहा. सहा. पार कोपऱ्यात गेलं, शून्य. उजवीकडं आणलं, सहा. डावीकडं, शून्य.

"अरे माझ्या देवा," आबा मागून म्हणाले, "चाकाला नाही, मानेला दुखणं आहे."

मग मी हँडलखाली बघितलं. आणि तिथं मला काय दिसावं? माझीच गाठ.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी चिखल उडतो म्हणून मी पुढं रुंद मडगार्ड बसवलं. तेव्हा सेन्सरची वायर मधे यायची, म्हणून बांधणीची तार घेऊन ती शॉकअपला करकचून आवळली. वर हँडलपाशी पुन्हा एक वेढा, पंपाच्या नळीबरोबर. मला लोंबती वायर आवडत नाही. घट्ट, नीटनेटकं, पैलवानाच्या लंगोटासारखं. त्यात हँडल वळायला वायरीला ढीलच ठेवली नव्हती. रस्त्यावर काही झालं नाही. पण रानात प्रत्येक ओळीच्या टोकाला हँडल पार मोडायचं, दिवसाला शेकडो वेळा. डावीकडं मोडलं की वायर ताणली जायची. काखेत कळसा आणि मी सगळ्या गावाला वळसा घालून आलो होतो.

बायकोनं तार कापली. वायर बोटांत धरून नखानं चाचपत गेली, इंच इंच. शेंगेतला दाणा चाचपतात तशी. एका जागी थांबली. "इथं मऊ लागतंय."

वरचं काळं कवच चिरलं. आत तीन वायरी. दोन शाबूत. तिसरी, खबर नेणारी, आतून तुटलेली. वरचं प्लास्टिक अखंड, आत तांब्याची दोन टोकं एकमेकांसमोर. हिरवट पडलेली. डावीकडं ताणलं की दूर जायची आणि हँडल सरळ केलं तरी दूरच राहायची, उजवीकडं मोडून ढकललं की टेकायची. बाहेरून बघाल तर काहीही झालेलं नाही.

तुटलेलं हिरवट तांबं कापून टाकलं. वीतभर नवीन वायर मधे घातली, पीळ दिला, मिस्त्रीकडून सोल्डरची डाग द्यायची सळई आणली आणि दोन्ही टोकांना डाग दिले. पहिला डाग माझ्या अंगठ्यालाच बसला, हा बघा, अजून दिसतो. प्रत्येक वायरीला वेगळी चिकटपट्टी, मग सगळ्यांवर एक. आणि हँडलपाशी एक सैल वळसा ठेवला. मी सवयीनं तो आवळायला गेलो, तर बायकोनं माझ्या हातावर चापट मारली.

आबा अजून कॅरिअरवरच बसलेले. "झालं का? का जेवणपण इथंच वाढताय?"

परत चाक फिरवलं. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, पन्नास वेळा. आकडा हलला नाही.

मी खूश. म्हटलं, आता मालकांना सांगतो, वायर तुटली होती, कंपनीचा माल हल्ली असलाच येतो. बायको हात पुसत होती.

"तुटली, का तोडली?"

"तेच ते."

"तेच ते कसं? आणि तुटली ते एक. शून्य दिसत असताना अर्धं रान मारलं, ते कुणी? कंपनीनं?"

मी आबांकडं बघितलं. म्हातारा एरवी प्रत्येक गोष्टीत बोलतो, तेव्हा मात्र खांदा चोळत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. दोघंही. बांधाशी जीप उभी, ड्रोनवाला पेटी उघडून बसलेला, स्वच्छ बूट घातलेला गडी. मालक आणि तेच पाच-सहा जण. मी गाडी उभी केली.

"सापडलं का?" मालकांनी विचारलं.

"सापडलं." मी तुटका तुकडा हातावर ठेवून दाखवला. कसं वळलं की कसं व्हायचं ते सांगितलं. गाडीवर हँडल फिरवून दाखवलं.

"मग दोष कुणाचा?"

"माझा. ही तार मी आवळली."

"बरं. आणि आकडा बंद पडल्यावर तुला कळलं नाही?"

आता बघा, इथं 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. कुणाला कळणार होतं? बायको माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, रानाकडं बघत होती.

मी म्हटलं, "कळलं. पहिल्याच उताराला कळलं. शून्य दिसत होतं."

"आणि थांबला नाहीस?"

"तुम्ही सगळे बघत होता. लाज वाटली थांबायची."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. मालक हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हात उगारतात.

"लाजेपायी माझं रान जाळलंस," ते म्हणाले. इतकंच. मग खालच्या पट्ट्यांकडं बोट दाखवलं. "धुवून काढ. जळालेला प्रत्येक पट्टा. साध्या पाण्यानं, पाठीवरच्या पंपानं, पानन् पान. ते झाल्यावर बघू. ड्रोनवाले, तुम्ही परवा या."

ड्रोनवाला पेटी बंद करता करता माझ्या कानाशी म्हणाला, "माझीपण एक वायर मी फार घट्ट बांधलीय. घरी जाऊन सोडतो."

दोन दिवस आम्ही ती जळकी पानं धुतली. आबांचा जुना पंप माझ्या पाठीवर, दुसरा बायकोच्या. विहिरीतून पाणी शेंदायचं, भरायचं, उचलायचं, चालायचं. तळाशी पाणी डचमळतं, कमरेवरून पाठीत जातं, गार. सरीतल्या चिखलात पाय रुतायचा, काढताना चप्पल आत राहायची. पहिल्या दुपारी माझ्या उजव्या खांद्यावर दोन बोटं रुंद सालटं निघालं. गडी लोक बांधावर जेवायला बसले की म्हणायचे, "काय हो यंत्रवाले, पेट्रोल संपलं का?" मी म्हणायचो, "नाही हो, वेग मोजतोय." चार दिवसांनी धुवून किती उपयोग होतो म्हणाल, तर खरं सांगतो, थोडा पानांना झाला, बाकीचा मला.

आबा बांधावर बसून ओरडायचे, "एक दांडी, एक पाऊल! पळतोस काय चोरासारखा!" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला ती लय सापडली. तेव्हा ते ओरडायचे थांबले.

तिसऱ्या सकाळी मालक म्हणाले, "काढ तुझी गाडी. चार फेऱ्या मार. मग सांगतो."

दुसरा अर्धा भाग. पुन्हा वर मालक, त्यांच्याबरोबर ड्रोनवाला आणि इतर. पुन्हा खाली बायको पिंपाशी. पहिली फेरी चढाची, आठ. वर डावीकडं हँडल मोडलं. नजर आकड्यावर. उतार. आठ. म्हटलं, जिंकलो. तिसऱ्या फेरीला, अर्ध्या चढावर, आकडा एकदम पाच झाला. मग चार.

मी पंप बंद केला. गाडी थांबवली, उतरलो आणि चिखलात गुडघे टेकून चाकात बघायला लागलो.

वरून मालकांची हाक आली, "आता काय झालं?"

"आकडा चार झाला!"

"मग?"

"मग थांबलो!"

खालून बायको धावत आली. तिनं वायर चाचपली, सेन्सर बघितला, सगळं नीट. मग तिनं मागच्या चाकाकडं बोट दाखवलं. ते भुसभुशीत जागी रुतून नुसतं गरगरत होतं, गाडी खरंच चारनं चालली होती. आकडा खरं बोलत होता. तिनं मागून रेटा दिला, मी ती पट्टी सोडून पुढं गेलो, कडक जमीन लागली तसा आठवर आलो आणि मग पंप चालू केला. राहिलेल्या तेवढ्या पट्टीवर ती मागून पाठीवरचा पंप घेऊन हातानं मारत आली.

वर पोचलो तर मालक निघाले होते. मला वाटलं, संपलं. ते ड्रोनवाल्याला म्हणाले, "चला, चहा घेऊ घरी." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "राहिलेलं संपव आणि कुंपणाचं फाटक लावून घे." गेले. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. राहिलेलं सगळं रान आम्ही दोघांनीच मारलं, वरून बघायला कुणी नाही. खरं सांगतो, त्या दिवशी कुणी बघत नव्हतं म्हणून मी जास्त घाबरून चालवली.

दुसरा अर्धा एकसारखा हिरवा राहिला. काम आमच्याकडं राहिलं, अजून आहे. पहिल्या अर्ध्याला पिवळे पट्टे काढणीपर्यंत दिसत होते, आणि बटाटाही त्या ओळींत लहान निघाला. ते झाकून सांगणार नाही.

तर झाली गोष्ट. आता उठा, यंत्र बघा, हँडल फिरवून बघा. आणि तुम्ही घरी जाल, चारजण विचारतील, फवारणीला कुणाला बोलवावं? तेव्हा आमचं नाव जरूर घ्या. फक्त एक करा माझ्यासाठी. आधी त्यांना पट्ट्यांचं सांगा. आणि सांगताना नीट सांगा, की वायर मी तोडली आणि शोधली तिनं. ते ऐकूनही कुणी यायचं म्हणालं, तरच त्याला आमच्या घराचा रस्ता दाखवा. एवढं कराल ना?